पानांचे ठसे: आधी विज्ञान की आधी कला?

रानवाटा: झाडालाच आपलं चित्र छापू द्यायचं, ही युक्ती मला अठराव्या शतकातल्या सुंदर वनस्पतिचित्रांहूनही मोठी वाटते. जर्मनीतल्या एरफुर्टच्या क्निपहोफनं १७३३ पासून असे ठसे काढले. पुढे तिथल्याच रेगेन्सबुर्गच्या हॉपेनं १७८७ ते १७९३ या काळात आपल्या परिसरातल्या वनस्पती अशाच छापल्या. वाळवून सपाट केलेल्या रोपाला शाई लावायची आणि कागदावर दाबायचं. पानाच्या कडेचे दाते, शिरांची जाळी, सगळं खऱ्या मापात उतरतं. मध्ये चित्रकाराचा हात नाही. माझ्या मते हे आधी विज्ञान, मग कला.

केसर: अजिबात पटलं नाही. हॉपेच्या काळी वनस्पतींचं वर्गीकरण चालायचं स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाच्या पद्धतीनं, पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून. ठशात फूल चेपलं जातं, केसर मोजणार कसे? क्निपहोफच्या ठशांच्या काही प्रती तर हातानं रंगवल्या आहेत, म्हणजे हात आलाच. उलट वनस्पतिचित्रकार फर्डिनांड बाउर रानात रंगाच्या प्रत्येक छटेसाठी ठरवलेला आकडा टिपायचा आणि चित्रात फुलाचा एकेक भाग सुटा करून दाखवायचा. ठसा एका रोपाचा असतो, चित्रकार दहा रोपं पाहून जातीचं रूप काढतो.

रानवाटा: दहा रोपांतून एक रूप काढलं की त्यात चित्रकाराचं मत शिरतं, माझा आक्षेप तिथंच आहे. शिवाय हॉपे औषधं बनवण्याचं काम शिकलेला होता, म्हणजे झाड नेमकं ओळखणं त्याला गरजेचंच. फूल थोडे दिवस टिकतं. एरवी रानात झाड ओळखायचं ते पानावरूनच ना?

खिळे_जुळारी: छपाईच्या बाजूनं बोलतो. शाई लावलेलं रोप मोजकेच ठसे देतं, मग फाटतं. दुसऱ्या प्रतीसाठी दुसरं रोप घ्यावं लागतं. म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत एकाच वनस्पतीची आकृती वेगळी! दोन गावचे अभ्यासक एकाच आकृतीवर बोलणार कसे? हे कोडं सुटलं १८५० नंतर. व्हिएन्नाच्या आउअरनं रोप मऊ शिशाच्या पत्र्यात दाबलं आणि त्या खळग्यावरून विजेच्या साहाय्यानं छपाईसाठी तांब्याचा पत्रा बनवला. १८५५ मध्ये लंडनच्या ब्रॅडबरीनं याच रीतीनं नेचे (फर्न) छापले. नेच्यांना फूलच नसतं, त्यामुळे केसर यांची हरकत तिथं गळून पडते.

केसर: नेच्यांपुरतं मान्य. पण नेच्यांची ओळख पटते पानामागच्या बीजाणूंच्या पुंजक्यांवरून, आणि त्यांची आतली रचना पाहायला भिंगच लागतं. ठसा तिथवर पोचत नाही. मी त्याला कलाच म्हणणार, आणि फार उच्च प्रतीची.