मदत हवी आहे: बटणं-नॉबवाली गाडी कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी, मी खानापूरची, नोकरीला रोज बेळगावला जाते आणि माहेर गोव्यात असल्यामुळं चोर्ला घाट ठरलेला. पावसाळ्यात तिथं धुकं उतरलं की पुढचं काही दिसत नाही, आणि अशा वेळी काचेवरची वाफ घालवायला एसी वाढवायचा तर नव्या गाड्यांत स्क्रीनवर बोट फिरवत बसायचं, म्हणजे नजर रस्त्यावरनं हटतेच की ओ! युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून मार्क देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेनं तर 2026 पासून वायपर, इंडिकेटर, हॉर्नला साधी बटणं नायतर दांडी नसली तर पूर्ण मार्क द्यायचे नाहीत असं ठरवलंय, मग आपल्याकडं शोरूमवाले मोठ्या स्क्रीनचंच कौतुक का सांगतात मला खरंच कळत नाही.

माझं मन बोलेरोवर हाय. पण घरी एकच, बोलेरो म्हणजे ठेकेदाराची, स्कॉर्पिओ पुढाऱ्याची, बाईमाणसानं छोटी ऑटोमॅटिक घ्यावी. मला हे अजिबात पटत नाही, घाट आणि गावाकडचे खड्डे बघून गाडी घ्यायची का लोकांची तोंडं बघून?

तर सांगा, बोलेरो रोज चालवणाऱ्या ताई कुणी आहेत काय इथं, क्लच ट्रॅफिकमधे जड जातो काय? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना चढायला बाहेरून पायरी बसवून घेता येते काय? आणि एसीला फिरवायचे नॉब असलेली दुसरी कुठली गाडी असेल तर तीपण सुचवा, दसऱ्याच्या आत बुक करायचीय.