लक्ष्मी रोड रोजच गाड्यांना बंद केला तर?

शनिपारकर:
दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून पुणे महापालिका लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम ते गरुड गणपती हा तुकडा गाड्यांना बंद करते, २०२१ पासून चालू आहे. त्या दिवशी चालताना मान वर करून जुन्या वाड्यांच्या गॅलऱ्या बघता येतात, एरवी सगळं लक्ष मागून येणाऱ्या हँडलकडे. मग एकच दिवस का? सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रो थांबते, त्यामुळे यायचं कसं हा प्रश्न उरला नाही. निदान हा तुकडा तरी रोज सकाळी १० ते रात्री ९ बंद करा. बोला.

वाड्यातला_भाडेकरू:
तुम्ही इथे खरेदीला येता, आम्ही राहतो. आई ८२ वर्षांची, गुडघे गेलेत, रिक्षा जिन्यापाशी आली तरच ती घराबाहेर पडते. तिला मंडईच्या स्टेशनवरून चालवत आणू का? घोडे पण ठेवा मग, माथेरानच करून टाका.

शनिपारकर:
रहिवाशांना पास द्यायचा, रिक्षा सोडायची, अ‍ॅम्ब्युलन्स तर सोडायचीच. दिल्लीत चांदनी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारी बंद असा नियम आहे, सायकलरिक्षा चालतात, माल रात्री उतरतो.

वाड्यातला_भाडेकरू:
आणि पास तपासणार कोण, चौकातले मामा? ते हेल्मेटच्या पावत्या फाडण्यात बिझी.

तिसरी_पिढी_कापडवाले:
धंद्याचं बोलतो. बस्ता बांधायला सासवड-बारामतीची पार्टी येते ती दहा-बारा माणसं, दोन आज्या, एक रडणारं पोर, आणि जाताना आहेराच्या साड्यांचे गठ्ठे. हे लोक मेट्रोने येत नसतात हो. दारात गाडी लागणार नाही म्हटल्यावर ते सरळ हायवेवरच्या पार्किंगवाल्या शोरूमला जातील, आणि एकदा तिकडे गेलेलं घर पुढच्या लग्नाला परत येत नाही.

एबीसी_ते_अलका:
काका, आज तरी दारात कुठे लागते गाडी? ड्रायव्हर तुमची माणसं उतरवतो आणि दोन तास चकरा मारतो, निघताना "कुठंय रे" म्हणून फोनवर फोन. मंडईच्या वाहनतळातून हातगाडीवर गठ्ठे पोचवून द्या ना, हमाल आहेतच.

आणि मूळ मुद्दा कोणी बोलतच नाहीये. लक्ष्मी रोडवर कार आहेत किती? जागा खाल्लीये टू-व्हीलरनी. पी-१ पी-२ च्या पाट्या, सम तारखेला ही बाजू विषमला ती, आणि शनिवारी संध्याकाळी दोन्हीकडे स्टँडला स्टँड लावून रांगा, आपली गाडी काढायला आधी दुसऱ्यांच्या चार उचलून सरकवाव्या लागतात. नुसत्या कार काढल्या तर ती जागा अर्ध्या तासात अ‍ॅक्टिव्हाच भरून काढतील. टू-व्हीलर बंद करा म्हणायची नगरसेवकांत हिंमत आहे का? २०१८ ला पैसे देऊन पार्किंगचं धोरण मंजूर झालं, ओरड झाल्यावर फक्त पाच रस्त्यांवर करू म्हणाले, ते पण बारगळलं.

कोथरूडहून:
बंद करा पण मग त्या टू-व्हीलर जाणार कुठे, कुमठेकर रोडलाच ना? तिथे आत्ताच श्वास घ्यायला जागा नाही.

वाड्यातला_भाडेकरू:
हेच म्हणतोय. २०२१ ला पुण्यदशम म्हणून पेठांत छोट्या बस आणल्या होत्या, दहा रुपयांत दिवसभर फिरा. तसलं काहीतरी मंडई स्टेशनपासून आमच्या बोळाच्या तोंडापर्यंत, दर दहा मिनिटांनी, महिनाभर न चुकता चालवून दाखवा, मग मी स्वतः सह्या गोळा करतो.

शनिपारकर:
चालेल, हे मान्य. महिना कुठला?

तिसरी_पिढी_कापडवाले:
दिवाळीचा नाही. लग्नसराईतला तर मुळीच नाही.

एबीसी_ते_अलका:
पितृपक्षात घ्या, तसंही गिऱ्हाईक नसतं तुम्हाला.

तिसरी_पिढी_कापडवाले:
पंधरवड्याचं बोला, महिन्याचं नको.