उपेंद्र बक्षींची कारकीर्द: शोधनिबंधांनी मोजायची की एका पत्राने?

कायद्याचा मास्तर (धागाकर्ता)

कायद्याच्या मुलांना मानवी हक्क शिकवतो. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, आंतरराष्ट्रीय कायद्यात करिअर म्हणजे नक्की काय? हेग-जिनिव्हा, की नेट-सेट देऊन मास्तरकी?" यंदा उत्तर म्हणून मी कायद्याचे अभ्यासक-प्राध्यापक उपेंद्र बक्षी यांची कारकीर्दच फळ्यावर मांडली.

जन्म १९३८, राजकोट. कायद्याचं शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे बर्कलेला डॉक्टरेट. काही वर्षं सिडनीत अध्यापन. १९७३ पासून दिल्ली विद्यापीठ. मध्ये सुरतेच्या दक्षिण गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू, १९९० ते ९४ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९९६ पासून इंग्लंडात वॉरिक विद्यापीठ. २००२ मध्ये मानवी हक्कांच्या भवितव्यावरचं पुस्तक, २०११ मध्ये पद्मश्री.

हे सगळं लिहून झालं आणि मग मी मधोमध एक तारीख लिहिली: १६ सप्टेंबर १९७९. त्या दिवशी बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. विषय आपल्या विदर्भातला. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ ला दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं होतं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती असणार, असा त्या निकालाचा रोख. पत्राने विचारलं: भेदरून गप्प राहणं आणि राजी असणं एकच का? रात्रीच्या ठाण्यात खाकी वर्दीसमोर उभ्या असलेल्या गरीब मुलीचं वय, तिची परिस्थिती, पोलिसांची भीती, यातलं काहीच न्यायालयाला दिसलं नाही का? न्यायाधीशांनी ओळख लपवून, गरिबाच्या वेशात दिल्लीजवळच्या खेड्यांतल्या ठाण्यांत एकदा जाऊन यावं, असंही त्या पत्रात सुचवलं होतं.

माझं मत असं की बक्षींनी बाकी काही लिहिलं नसतं तरी या पत्रामुळे त्यांची प्राध्यापकी सार्थकी लागली असती. प्रतिवाद ऐकायला आवडेल.

तटस्थ

सपशेल असहमत. बक्षींचा आदर ठेवूनच लिहितो आहे.

मानवी हक्कांच्या अभ्यासकाने आरोपीचे हक्कही तितक्याच निष्ठेने जपायला हवेत. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १० एप्रिल १९७९ रोजी सामील झाला, म्हणजे या पत्राच्या पाचच महिने आधी. त्याचं १४ वं कलम सांगतं की गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, आणि अंतिम निकालाने सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. इथे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन माणसांना सोडलं आहे, आणि वर्ष उलटल्यावर कायद्याचे प्राध्यापक जाहीर पत्राने म्हणतात की मोठ्या पीठापुढे पुन्हा ऐका. उद्या एखाद्या अल्पसंख्य तरुणाची सुटका झाल्यावर गर्दीने अशीच पत्रं लिहिली तर? तेव्हा आपण कुठल्या तोंडाने नको म्हणणार?

निकाल चुकीचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो चुकीचा आहे हे विद्वानाने नियतकालिकात टीका लिहून दाखवावं. अभ्यासकाचं वजन त्याच्या अलिप्तपणात असतं. ते एकदा खर्ची पडलं की परत मिळत नाही.

कायद्याचा मास्तर

तटस्थ, मुद्दा वजनदार आहे. तरी दोन गोष्टी.

पत्र आणि गर्दीचा दबाव यात फरक आहे. पत्रात युक्तिवाद आहे, आधीच्या निकालांचे दाखले आहेत. स्त्रियांना पोलीस ठाण्यात बोलावू नये असं नंदिनी सत्पथी प्रकरणात याच न्यायालयाने एप्रिल १९७८ मध्ये बजावलं होतं. मथुरा निकालात त्याचा मागमूसही नाही, हे पत्राने दाखवून दिलं. हे विद्वानाचंच काम. फक्त पत्ता सरन्यायाधीशांचा होता.

दुसरं, ती दोन माणसं पुन्हा तुरुंगात गेली नाहीत. फेरविचार झाला नाही. बदलला तो पुढचा कायदा. विधी आयोगाचा ८४ वा अहवाल १९८० चा, दुरुस्ती १९८३ ची. पुरावा कायद्यात ११४-अ आलं: कोठडीत शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि स्त्रीने न्यायालयात संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असं न्यायालयाने गृहीत धरायचं.

तटस्थ

आणि तिथेच सिद्धतेचा भार आरोपीवर सरकला! मानवी हक्कांचा अभ्यासक याचं स्वागत कसं करू शकतो?

कायद्याचा मास्तर

कारण समोरचा आरोपी हा साधा नागरिक नाही, तो राज्यसंस्थेचा हात आहे. दार आतून लावलेल्या ठाण्यात काय घडलं याचा खुलासा ज्याच्याकडे किल्ली होती त्याने करायचा. मानवी हक्कांचा सगळा कायदाच मुळात सत्तेपासून माणसाला वाचवायला जन्मला आहे. आणि ते गृहीतकही खोडून काढायला आरोपीला मुभा आहेच.

नागपूरकर वकील

तुम्ही दोघंही एक कागद विसरताय, आणि तो आमच्या गावचा आहे.

१२ ऑक्टोबर १९७६. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये मुलीलाच खोटारडी ठरवून आरोपींना सोडलं होतं. नागपूरने तो निकाल फिरवला आणि दोघांना शिक्षा दिली, एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक. कारण काय दिलं? भीतीपोटी किंवा धाकाने शरीर निमूट सोडून देणं (इंग्रजी निकालात "पॅसिव्ह सबमिशन") म्हणजे इच्छा नव्हे. पोलीस तिला पूर्णपणे अनोळखी, ती स्वतःहून पुढाकार घेईल हे संभवतच नाही.

म्हणजे ज्या युक्तिवादासाठी चार प्राध्यापकांचं नाव अर्धं शतक घेतलं जातंय, त्याचा गाभा तीन वर्षं आधी नागपूरच्या निकालपत्रात लिहून झाला होता. प्राध्यापकांनी तो उचलून धरला, देशभर पोचवला, हे मान्य. पण मास्तर, तुमच्या फळ्यावर १९७९ च्या आधी १९७६ का नाही? सिडनी, बर्कले, वॉरिक सगळं आलं, नागपूर आलं नाही.

वैनगंगा

वकीलसाहेबांच्याही मागे जाते.

मी वडशाच्या बाजूची. देसाईगंजला आमच्याकडे सगळे वडसाच म्हणतात. तेव्हा गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता, सगळं चांदा. त्या रात्री ठाण्याबाहेर लोक जमले होते. मुलगी बाहेर आली आणि तिने सगळ्यांसमोर सांगितलं. गर्दी खवळली, ठाणं पेटवून देऊ म्हणाली, तेव्हा कुठे पोलिसांनी कागद केला. ही नोंद निकालांतसुद्धा आहे. ती माणसं तिथे उभी राहिली नसती तर ना नागपूरचा निकाल, ना दिल्लीचा, ना पत्र.

आणि जिच्या नावाने हे सगळं चालू आहे तिला काय मिळालं? १९८३ चा कायदा मागच्या तारखेला लागू होत नाही. १९८० मध्ये मुंबईत बायका रस्त्यावर आल्या, बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, मला त्याचा अभिमान आहे. पण तिच्या पदरात फक्त तिचं नाव पडलं, तेही कायमचं पुस्तकात छापलेलं. त्याच १९८३ च्या दुरुस्तीने पुढच्या बायकांची नावं छापायला बंदी केली. तिच्यासाठी उशीर झाला होता. एखाद्या विद्वानाची कारकीर्द तिच्या प्रकरणाने "सार्थकी लागली" असं तुम्ही लिहिलंत ना मास्तर, ते वाक्य मला टोचलं.

साता समुद्रापार

इंग्लंडात मानवी हक्कांवरच पीएचडी करतेय म्हणून लिहिते. ताई, तुम्ही जे म्हणताय ना, तेच बक्षींच्या सिद्धांताचं मूळ आहे! मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची देणगी नाही, ते सोसणाऱ्या माणसांनी आणि त्यांच्या लढ्यांनी घडवले, हक्कांचे खरे कर्ते तेच, हा त्यांच्या २००२ च्या पुस्तकाचा कणा आहे. त्यातच त्यांनी इशारा दिला की व्यापाराला सोयीचे हक्क, म्हणजे कंपन्यांचे आणि गुंतवणुकीचे हक्क, माणसांच्या हक्कांना बाजूला सारत आहेत. हे त्यांनी भोपाळच्या वायुकांडात पाहिलं होतं. भारत सरकार न्यू यॉर्कच्या न्यायालयात सांगत होतं की आमची न्यायव्यवस्था असा दावा पेलू शकत नाही, आणि ती पेलू शकते असं प्रतिज्ञापत्र युनियन कार्बाइड या कंपनीच्या बाजूने दिलं होतं आपल्याच नामवंत वकिलांनी, नानी पालखीवालांनी. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या सगळ्या खटल्यावर बक्षींनी चिकाटीने लिहिलं.

त्यामुळे "शोधनिबंध की पत्र" हा प्रश्नच मला पटत नाही. १९८१ मध्ये आग्र्याच्या महिला सुधारगृहातल्या हालांची बातमी वाचून त्यांनी आणि लोतिका सरकारांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवलं, त्यावर वर्षानुवर्षं आदेश निघत राहिले. आणि १९८५ मध्ये त्याच अनुभवावर त्यांचा गाजलेला निबंध आला. लोक "जनहित याचिका" म्हणायचे, त्यांनी "सामाजिक कृती याचिका" म्हणा असा आग्रह धरला, कारण अमेरिकेतून आलेला शब्द इथल्या दुःखाला पुरत नव्हता. पत्राशिवाय हा निबंध झाला नसता.

तासिका तत्त्व

चर्चा उत्तम चालली आहे, पण कुणी पोटाचं बोलत नाही म्हणून मी बोलतो.

नेट झालो, पीएचडी झालो, गेली नऊ वर्षं एका कॉलेजात तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवतोय. जूनमध्ये नेमणूक, उन्हाळ्यात घरी. मागे एका निकालावर वर्तमानपत्रात चार ओळींचं पत्र लिहिलं तर बोलावून समज दिली गेली. पुढच्या वर्षी माझे तास निम्मे झाले.

बक्षींनी पत्र लिहिलं तेव्हा ते दिल्ली विद्यापीठात कायम प्राध्यापक होते. त्यांचं धाडस मी कमी लेखत नाही. पण ते धाडस करता येईल अशी खुर्ची होती. आज मुलांना ही कारकीर्द दाखवताना ती खुर्ची कुठे गेली हेही सांगा. तटस्थ म्हणतात तो अलिप्तपणा आम्हाला निवडावा लागत नाही, तो लादलेलाच असतो.

तटस्थ

तासिका तत्त्व, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ थांबलो. लादलेल्या मौनाला मी अलिप्तपणा म्हणत नाही. गप्प राहण्याची मुभा तेव्हाच खरी, जेव्हा बोलायचीही मुभा असते. ते मी माझ्या पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतं.

११४-अ बद्दल माझं मत मात्र तेच आहे. कोठडीपुरतं ते समजू शकतो. पण ते गृहीतक कोठडीबाहेरच्या गुन्ह्यांपर्यंतही पोचलं आहे, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत मी आहे.

कायद्याचा मास्तर

वैनगंगाताई, ते वाक्य मी मागे घेतो. तिच्या दुःखाने कुणाची कारकीर्द सार्थकी लागत नाही.

वकीलसाहेब, उद्याच्या तासाला फळ्यावर आधी वडशाची गर्दी येईल, मग १९७४ चा आणि १९७६ चा निकाल, मग १९७८, आणि पत्र त्याच्यानंतर. नागपूरचं निकालपत्र मुलांकडून मोठ्याने वाचून घेणार आहे. त्यातल्या मुख्य परिच्छेदांचं मराठी करायला कुणी हात लावेल का? माझ्या वर्गातली निम्मी मुलं मराठी माध्यमातली आहेत.

नागपूरकर वकील

मी करतो. रविवारपर्यंत वेळ द्या.

वैनगंगा

झाल्यावर मला दाखवा. "पॅसिव्ह सबमिशन"ला मराठीत काय लिहिताय ते बघायचंय मला. "शरण जाणं" लिहू नका.