विषय: जुई गाभण आहे, पिल्लांना घरं हवीत (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या वर्गणीच्या मेल-धाग्यात हे घुसवत नाही, वेगळी मेल टाकते. आमच्या नागपूरच्या घरची लॅब (लॅब्रॅडॉर कुत्री), जुई, गाभण आहे. प्रतापनगरला आई-बाबा दोघंच असतात. बाप गल्लीतला काळू, याबद्दल गल्लीत कोणालाही शंका नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपाउंडवरून उडी मारून आला होता. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पक्कं सांगितलं. आईला काळजी बाळंतपणाची, बाबांना पिल्लांची. काटोलचे मामा म्हणतात, महिन्याची झाली की द्या पाठवून, शेतावर राहतील. मी नागपूरबाहेर, इथून फोनवर आई-बाबांना काय काय सांगू?

– प्रतापनगरची

---

अगं, आधी तारखा मांड. कुत्रीचे दिवस साधारण ६३, म्हणजे मेचा पहिला आठवडा. बाळंतपण भर उन्हाळ्यात, डोळे उघडणार दहा ते चौदा दिवसांनी, आणि पिल्लं खोक्याबाहेर धडपडायला लागतील तेव्हा नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू. परदेशी व्हिडिओत पिल्लांवर दिवा लावायला सांगतात, ते आईला अजिबात पाठवू नकोस. पहिल्या आठवड्यात पिल्लांना २९ ते ३२ अंशांची ऊब लागते हे खरं, पण मेमध्ये नागपूरची बंद खोली त्याच्या वरच असते. तळमजल्यावरची आतली खोली निवडा. कूलर चालू ठेवा, पण झोत थेट अंगावर नको, भिंतीकडे वळवा. पिल्लं एकमेकांवर रचून निजली तर थंडी वाजते आहे, विखरून पडून कुरकुरत असतील तर उकडतंय. थर्मामीटरआधी हे बघायला आईला शिकव.

खोकं कूलरचंच चालेल, एक बाजू खाली कापलेली, जुईला सहज बाहेर पडता येईल अशी. आतून कडेने भिंतीपासून चार बोटं सोडून पाइप किंवा फळी ठोका, नाहीतर लॅबसारखी जड आई भिंतीला टेकून बसते आणि मागे पिल्लू चेपतं. खाली पेपर, वर जुनी सतरंजी. नुसत्या पेपरवर पिल्लांचे पाय घसरतात. रद्दी जूनपर्यंत विकायची नाही, हे बाबांना आजच सांग.

पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे काढून घ्या. पिल्लं किती ते कळलं की सगळी झाली की नाही याचा घोळ राहत नाही. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा जुईच्या अंगाचं तापमान बघा; ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरलं की बहुधा चोवीस तासांत विते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांवर गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर वाट बघायची नाही, गाडी काढायची. रात्री कोण डॉक्टर फोन उचलतात ते आत्ताच विचारून ठेवा.

वार तिने खाल्ली तर खाऊ दे. चीक प्रत्येक पिल्लाला पहिल्या दिवशी मिळालाच पाहिजे. सगळी सारखी दिसली तर गळ्यात वेगवेगळ्या रंगाची लोकर सैल बांधा, रोज सैल करत जा, आणि किचनच्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. सात-दहा दिवसांत वजन दुप्पट व्हायला हवं. जे मागे पडतं ते वहीत डोळ्यांआधी दिसतं. कापसाने गाईचं दूध पाजणं पूर्ण बंद. फुप्फुसात गेलं की संपलं. वरचं दूध लागलंच तर पिल्लांसाठीची पावडर मिळते.

आई बाळंतिणीचे लाडू करेल, मी ओळखते तिला. मनुका कुत्र्यांना विषारी, लाडू नकोतच. व्यायच्या आधी कॅल्शियमचं सिरपही नको. वरून दिलं की तिचं शरीर स्वतःचं कॅल्शियम काढायचं विसरतं आणि दूध सुरू झाल्यावर झटके येऊ शकतात. आत्तापासून दूध तुटेपर्यंत तिला पिल्लांचं कोरडं खाणं द्या, तेवढं पुरे.

आता घरं. महिन्याची पिल्लं मामांकडे नाही. विकत द्यायची असली तरी कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आत देता येत नाही, फुकट देताना तेच पाळावं. चावायचं किती जोरात, हे ती तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात भावंडांकडूनच शिकतात. आणि यात तुमचा फायदाच आहे: आठ आठवडे होतात जुलैच्या सुरुवातीला. विदर्भातल्या शाळा तेव्हा उघडलेल्या असतात. सुट्टीत पोरांच्या हट्टाखातर कुत्रं आणणारे आपोआप गळतात. शाळा-ऑफिस चालू असताना जो घ्यायला येतो, त्याने हिशोब केलेला असतो.

जाहिरातीत "लॅब" हा शब्द टाकू नका. अर्धं लॅब, अर्धं गावठी असं सरळ लिहा. एकाच वेतात दोन बाप असू शकतात, तेव्हा काळूचीही हमी नको. फोटो मागून "मोठं झाल्यावर लॅबसारखं दिसेल ना?" विचारणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. मला विचारशील तर हा प्रश्न म्हणजेच नकार. सगळे नर मागतील, माद्या मागे राहतील, म्हणून माद्यांची घरं आधी शोधा, आणि नसबंदीच्या ऑपरेशनचं कबूल करून घ्या. दोन, चार, सहा, आठ आठवड्यांना जंताचं औषध, सहाव्या ते आठव्या आठवड्यात पार्व्होची (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाची) पहिली लस, आणि कार्ड नव्या घरी पिल्लासोबतच. नाही जमलं तर पिल्लू रस्त्यावर न सोडता आमच्याकडे परत, हे कागदावर लिहून घ्या.

दूध आटलं की जुईचं ऑपरेशन. त्याआधी पुन्हा माजावर आली तर काळू आहेच कंपाउंडपलीकडे.

– सेमिनरी हिल्सची (व्हेटर्नरी कॉलेजची जुनी विद्यार्थिनी)

---

बेटा, मी सध्या नागपुरातच आहे, दिवाळीनंतर परत येतो. जो पिल्लू मागेल त्याच्या घरी मी जाऊन येतो. गेट, गच्चीचा कठडा, दुपारी घरात कोण असतं, एवढं बघायला माझ्यासारखा रिकामा माणूस बरा. अपार्टमेंटवाल्यांना सोसायटी कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही, पण घरमालक भाडेकरूला काय म्हणतो ते विचारून घेईन. मामाचं शेत रानाला लागून असेल तर बिबट कुत्रं उचलतो, तिथे साखळीला बांधलेलं पिल्लू तर मुळीच नको. काळूचंही बघू. प्राणी जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी महापालिकेचं काम आहे. अर्ज मी देतो, पाठपुरावा बाबांनी करावा.

– धरमपेठचे काका

---

ताई, काका, मेल आईला वाचून दाखवली. लाडवांवरून थोडी रुसली आहे. बाबांनी खोकं आणलं, कूलरचं नाही, फ्रिजचं, त्यात मीही मावेन. एक्स-रे २९ एप्रिलला. शेजारच्या काकूंनी आत्ताच एक नर "बुक" केला होता. बाबांनी सांगितलं, जुलैत या, आणि मादी बघून जा. काका, रविवारी संध्याकाळी सहानंतर घरी जाल का? दुपारी बाबा झोपतात आणि बेल वाजली की जुई अख्खी गल्ली उठवते.

– प्रतापनगरची