मुंबई–गोवा क्रूझ: जहाज सुटताना उजवी बाजू की डावी?

निळीशाई
डिसेंबरात बॅलार्ड पिअरहून गोव्याच्या क्रूझवर जायचंय. सुटायची वेळ संध्याकाळी ५ दिली आहे. मुंबई मागे पडताना नीट बघायची आहे. बाल्कनीची खोली घेतलीच तर कुठल्या बाजूची घ्यावी? की सरळ वरचा डेक गाठावा, आणि किती आधी? सोबत ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांना तासभर उभं राहणं जमणार नाही.

गोदीकर
जहाज बंदरातून दक्षिणेला निघतं. पुढे तोंड करून उभे राहिलात की उजव्या हाताला नौदलाची गोदी, गेटवे, ताज, कुलाबा आणि टोकाला प्रोंग्सचं दीपगृह. डाव्या हाताला बुचर बेट, घारापुरी, न्हावाशेव्याच्या क्रेन आणि पुढे उरण-करंजाचे डोंगर. मागे वळून पाहिलंत तर शिवडीकडून निघालेला अटल सेतू.

सगळे डोळे झाकून ‘उजवी घ्या’ सांगतात. मी घड्याळ बघून सांगेन. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तोही कुलाब्याच्या पाठीमागे. म्हणजे पाचला सुटलात तर गेटवे आणि ताज उजेडाच्या विरुद्ध, नुसते काळे ठोकळे. त्या वेळी सोनेरी ऊन पडलेलं असतं घारापुरीवर, म्हणजे डावीकडे. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी चित्र उलटं होतं: आकाश अजून निळं, शहराचे दिवे लागलेले. तेव्हा मात्र उजवी बाजूच. मे महिन्यात सूर्यास्त सातनंतर, तेव्हा हेच गणित तासभर पुढे ढकला.

आता पाच म्हणजे खरंच पाच का? बहुतेकदा नाही. पायलट (जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा स्थानिक जाणकार), टग (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी), भरती-ओहोटी, चॅनलमधली म्हणजे जहाजांच्या ठरलेल्या वाटेवरची दुसरी जहाजं, सगळं जुळावं लागतं. म्हणून घोषणेवर विसंबू नका, धक्क्याकडे बघा. शिडी काढली, डोलकाठीवर अर्धा पांढरा-अर्धा लाल बावटा चढला (पायलट जहाजावर आहे, याची खूण) आणि पुढचे-मागचे बरेचसे दोर सोडून मोजकेच ठेवले, की फार वेळ उरलेला नसतो. मग कडेचं पाणी गढूळ होऊन उसळायला लागतं. पुढच्या भागातले थ्रस्टर (जहाजाला आडवं ढकलणारे पंखे) तळाचा चिखल ढवळतात, त्यामुळे. जहाज आधी आडवं सरकत धक्क्यापासून सुटतं, पुढे जाणं नंतर. माझ्या मते सगळ्यात बघण्यासारखं हेच, आणि नेमकं तेव्हा अर्धं जहाज बुफेच्या रांगेत असतं.

खारावारा
गणित मान्य, पण एवढ्यासाठी बाल्कनीचे जादा पैसे घालू नका. बाल्कनीतून एकच बाजू दिसते आणि वळताना ऐन मोक्याला दृश्य निसटतं. वरच्या डेकवर दहा पावलं चाललात की बाजू बदलते.

जागा मात्र पुढच्या भागात धरा. त्या दिवसांत दुपारनंतर वारा बहुधा वायव्येकडून, म्हणजे दक्षिणेला निघालेल्या जहाजाच्या पाठीमागून. चिमणीचा धूर मग मागे उडून न जाता डेकवरच रेंगाळतो आणि मागच्या पूलजवळच्या खुर्च्यांवर काजळीचे कण पडतात. पांढरे कपडे घालून तिथे बसू नका.

दुर्बीण ७ किंवा ८ पटीची पुरे. १० पटीची इंजिनाच्या कंपनाने हातात थरथरते. कॅमेरा एसी खोलीतून थेट बाहेर काढलात तर भिंगावर वाफ धरते. पुसत बसू नका, पंधरा-वीस मिनिटं आधीच बाहेर आणून ठेवा. नौदलाच्या गोदीवर झूम लावून फोटो नकोत, आणि ड्रोन सामानात घेऊच नका.

निळीशाई
ज्येष्ठांचं काय करावं? आणि सुरक्षा कवायत मध्ये येते का?

गोदीकर
कवायत सगळ्यांना सक्तीची. ती सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या होते, म्हणून वेळ चढतानाच विचारून घ्या. संपली की सगळे एकदम वर धावतात आणि लिफ्ट तुंबतात. ज्येष्ठांना त्याआधीच चालण्याच्या डेकवर किंवा पुढच्या काचेच्या लाऊंजमध्ये बसवा. काचेतून फोटो काढायचा असेल तर भिंग काचेला टेकवा, नाहीतर आतल्या दिव्यांचं प्रतिबिंबच येतं.

दीपमाळ
गेटवे मागे पडला की गर्दी पांगते, ती पांगू द्या. चॅनलच्या बाहेरच्या टोकाला पायलट उतरतो. त्याची छोटी बोट जहाजाला घासून धावते, जहाज थोडं वळून तिला वाऱ्याआड घेतं आणि तो दोराच्या शिडीवरून खाली येऊन बोटीवर पाऊल टाकतो. शिडी कुठल्या बाजूला सोडतील ते वाऱ्यावर, त्यामुळे बोट दिसेल तिकडे जा. खालच्या डेकवरून हे जास्त जवळून दिसतं.

त्यानंतर तासाभरात डावीकडे खांदेरी बेट. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांशी झुंज झाली. २०२५ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. अंधारात तटबंदी दिसणार नाही, १८६७ च्या दीपगृहाचा झोत तेवढा दिसेल. त्यासाठी पुढचा, कमी दिव्यांचा डेक शोधा. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज हाकणाऱ्या कक्षातल्या, लोकांचे डोळे दिपू नयेत म्हणून पुढच्या बाजूला दिवे मुद्दाम मंद ठेवतात. राणीच्या हाराची आशा मात्र धरू नका. मरीन ड्राइव्ह कुलाब्याच्या आड आणि बरंच मागे राहतं.