तडजोड झाली ती तारखांवर

अमेरिकेच्या ईपीएने (केंद्र सरकारची पर्यावरण संरक्षण संस्था) पर्यावरणवाद्यांशी तडजोड करून राज्यांवर 'प्रदूषित' शिक्का मारायचं आधीच कबूल केलं, असा एक दावा आहे. ते पटत नाही. हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचं ७५ पीपीबीचं (अब्ज भागांत ७५ भाग) मानक आलं २०१० मध्ये. कोणता भाग त्यात बसतो, हे मुदतवाढ धरूनही तीन वर्षांत ठरवायचं होतं. २०१३ मध्ये १६ राज्यांतले २९ भाग मानकात न बसणारे म्हणून जाहीर झाले, बाकी देश लटकला. म्हणून सिएरा क्लब ही पर्यावरण संघटना कोर्टात गेली. मार्च २०१५ च्या तडजोडीत फक्त मुदती ठरल्या: जुलै २०१६, डिसेंबर २०१७ आणि डिसेंबर २०२०. कोणाला कोणता शिक्का, याबद्दल अवाक्षर नाही.

खरी मेख पहिल्या मुदतीत आहे. २०१२ मध्ये १६,००० टनांहून जास्त सल्फर डायऑक्साइड सोडणाऱ्या वीजकेंद्रांचा परिसर (आणि त्याहून लहान पण जास्त घाण कोळसा जाळणाऱ्यांचाही) आधी घ्यायचा होता. बंद करायचं जाहीर झालेली केंद्रं मात्र त्यातून सुटली. नॉर्थ डकोटासारख्या राज्यांनी तडजोडीवर आक्षेप घेतला, तो नवव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील न्यायालय) २०१७ मध्ये फेटाळला. गंमत म्हणजे, ईपीएने उशीर केला ही तक्रार या राज्यांचीही होती. त्यांना तर निर्णय याहून लवकर हवा होता!