मदत हवी आहे: बातमी, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन… मुलीला फरक कसा समजावू?

नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले, घरी केळीची शेती. मुलगी दहावीला आहे. मराठीच्या पेपरात पत्र, बातमी, कथा असते, शिवाय प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांतलं एक. ती काहीही लिहायला घेतलं की निबंधच लिहिते, आणि वहीत बाईंचा शेरा येतो, 'प्रकार चुकला'. समजावायला बसले तर मलाही धड सांगता येईना.

मेच्या शेवटी वादळात आमची सव्वा एकर बाग झोपली. २२०० खोडं, बहुतेक निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, कापायला महिना बाकी. पंचनाम्यासाठी मी दीड पान अर्ज लिहिला. आभाळ कसं काळं झालं, सासूबाई ओट्यावरून कशा ओरडल्या, सगळं. कार्यालयातल्या साहेबांनी वाचून विचारलं, "ताई, गट नंबर कुठाय? मागणी काय तुमची?" दोन्ही नव्हतं. पुन्हा लिहून देण्यात दोन दिवस गेले.

माझं आणि मुलीचं दुखणं एकच दिसतंय. व्याख्या पाठ आहेत, पण लिहायला बसल्यावर प्रकार कसा ओळखायचा? कृपया कुणीतरी सांगा.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, अमळनेर)

ताई, बागेचं वाचून फार वाईट वाटलं. त्याच वादळावरून सांगतो. मुलीला लिहिण्याआधी एकच विचारा: हे कोण वाचणार, आणि वाचून तो काय करणार?

अर्ज वाचणाऱ्याला निर्णय घ्यायचाय. त्याला विषय, गट नंबर, क्षेत्र, पीक, तारीख आणि स्पष्ट मागणी लागते. गारपिटीचा फळपीक विमा असेल तर वेळही महत्त्वाची, ७२ तासांत कळवावं लागतं. बातमी वाचणारा पहिलं वाक्य वाचून उठूनही जातो, म्हणून काय, कुठे, कधी, किती हे तिथेच यायला हवं. त्यात 'मी' नको, 'अरेरे' नको.

प्रसंगलेखनात मात्र वाचणाऱ्याला बांधावर आणून उभं करायचं. तुमचं ते दीड पान जपून ठेवा, ते चांगलं प्रसंगलेखन असणार.

आत्मकथनात मुलं हमखास चुकतात. 'मी केळीचे झाड, माझे अनेक उपयोग आहेत' अशी माहिती देत बसतात. अहो, केळीला आयुष्यात एकदाच घड येतो. तो कापला की खोडही कापतात, आणि बुंध्याशी पील, म्हणजे नवा कोंब, वर आलेलं असतं. घड भरत असताना मोडलेली केळ त्या पिलाकडे बघून काय बोलेल? ते लिहायचं.

वैचारिक लेखनात आधी मत ठरवायचं. समजा, बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावलंच पाहिजे. मग कारणं: वारा अडतो, पानं फाटत नाहीत. आणि दुसरी बाजूही घ्यायची, की जागा जाते, पाणी लागतं. ती न घेता लिहिलं तर घोषणा होते.

धागाकर्ती

सर, खूप आभार. काल रात्री मुलीने एकाच वादळावर दोन सुरुवाती केल्या.

बातमी: 'चोपडा तालुक्यात मंगळवारी सायंकाळी वादळी पावसाने केळीच्या बागा आडव्या झाल्या.'

प्रसंगलेखन: 'पाऊस थांबला तरी आजी ओट्यावरून हलेना. मी कंदील घेऊन गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आख्खा बाग आडा पडना वं माय!"'

दुसरं वाचून सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. पण परीक्षेत अहिराणी वाक्य चालेल का?

प्रतिसाद (तेच शिक्षक)

आजीच्या तोंडी आहे, अवतरणचिन्हांत आहे, तर जरूर ठेवा. आजी प्रमाण मराठीत बोलली असती तर ती तुमची आजी वाटली नसती. बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) ओव्या खानदेशी बोलीतच आहेत, मुलीला त्या मोठ्याने वाचायला सांगा. बातमीत आणि अर्जात मात्र प्रमाण मराठीच लिहू दे. आता तिच्याकडून केळीचं आत्मकथन लिहून घ्या आणि इथे टाका, मी तपासून देतो.